अकराव्या वर्षाचं काय?

गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यात चहाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत एकच विषय असतो: किती थर लागले, बक्षिसाचा आकडा केवढा होता आणि किती गोविंदा जखमी झाले. २०१२ साली याच शहरात नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विक्रम झाला. १६ ऑगस्ट २०२५ ला इथंच दहा थर लागले. प्रत्येक विक्रमामागोमाग तोच वाद नव्यानं पेटतो. एक बाजू म्हणते, हा आमचा सण आहे, भीती वाटते त्यानं घरी बसावं. दुसरी म्हणते, बंदी घाला. उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये वीस फुटांची मर्यादा घातली, २०१७ मध्ये ती उठली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना मज्जाव तेवढा राहिला. २०२२ मध्ये सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. २०२५ मध्ये दीड लाख गोविंदांचा विमा उतरवला गेला. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दहा लाख. त्यामुळे सध्याचं भांडण आहे ते फुटांचं आणि लाखांचं. माझं मत विचाराल तर उंचीला मर्यादा हवीच, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. मला खटकतं ते हे की दोन्ही बाजूंचा हिशेब पोरगा खाली आदळतो त्या क्षणापाशी संपतो. फार तर हॉस्पिटलच्या बिलापाशी.

त्यानंतर तो पोरगा जगतो. तीस वर्षं, चाळीस वर्षं. त्या वर्षांत त्याच्या मनाचं काय होतं, हे कुणीच विचारत नाही, कारण उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. काहींच्या लेखी तो खचून संपलेला असतो, काहींच्या लेखी जिद्दीनं उभा राहिलेला. मला दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचं मन अपघाताच्या दिवशी ठरत नाही. ते पुढे वर्षानुवर्षं सावरतं, ढासळतं, पुन्हा सावरतं, आणि त्याचं वरखाली होणं ज्या गोष्टींवर ठरतं त्यातल्या बऱ्याचशा त्याच्या हातात नसतात. त्या आपल्या हातात असतात. म्हणून उपचार, पैसा आणि लक्ष यांची आखणी दहाव्या-अकराव्या वर्षाकडे पाहून व्हायला हवी. आज ती फार तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पोचते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझा मावसभाऊ सतरा वर्षांपूर्वी, बावीस वर्षांचा असताना, पाचव्या थरावरून पडला. पथक कुठलं, हंडी कुणाची, हे इथं सांगण्यात अर्थ नाही; त्या पोरांनीच त्याला उचलून दवाखान्यात नेलं आणि पुढे दोन वर्षं तीच पोरं त्याला खाली-वर करत होती. मणका तुटला तो पाठीच्या मध्यावर, डॉक्टरांच्या भाषेत डी-टेन. हात शाबूत, बेंबीच्या खालचं सगळं गेलं. चालणं गेलं हे लोकांना दिसतं. लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसल्या जागी कातडी सोलवटली तरी कळेनासं झालं, आणि जिथं स्पर्श कळत नाही तिथंच रात्रभर आग-आग होते, हे लोकांना दिसत नाही. आजही झोपण्यापूर्वी तो एक छोटा हातआरसा घेऊन स्वतःची पाठ आणि नितंब तपासतो. कुठं रुपयाएवढा लाल ठिपका दिसला की दुसऱ्या दिवशी खुर्ची बंद, पालथं पडून राहायचं. दुर्लक्ष केलं तर त्याच ठिपक्याचं बेडसोर होतं आणि मग महिनेच्या महिने जातात. सतरा वर्षं, रोज रात्री, तो आरसा.

आता वादाची दुसरी बाजू. ती हलकी नाही, म्हणून नीट मांडते. पहिला आक्षेप असा की माणूस कशालाही सरावतो. उगाच प्रत्येक अपंग माणसाला मनोरुग्ण का ठरवता? यात तथ्य आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत आपत्कालीन विभागात काम करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना विचारलं गेलं, की तुमच्या मानेपाशी मज्जारज्जू तुटला तर जिवंत असल्याचा आनंद वाटेल का? अवघे १८ टक्के हो म्हणाले. ज्यांना प्रत्यक्ष तशी इजा झाली होती त्यांच्यात हेच उत्तर ९२ टक्क्यांनी दिलं. ‘यापेक्षा सुटला असता तर बरं’ असं आपण तेराव्या दिवशी आलेल्या पाहुण्यासारखं बोलून जातो, ते किती खोटं आहे हे या दोन आकड्यांत दिसतं. पहिली दोन वर्षं रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्या २०१२ च्या एका अभ्यासातही निम्म्याहून अधिक जण मनानं तगून राहिलेले दिसले. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१३ चा अहवाल म्हणतो की मज्जारज्जूला इजा झालेल्यांपैकी २० ते ३० टक्क्यांत नैराश्याची ठळक लक्षणं दिसतात. याचाच अर्थ ७० ते ८० टक्क्यांत ती दिसत नाहीत. हे मला मान्य आहे, आणि माझ्या भावाकडे कीव म्हणून बघणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगत आले आहे.

पण ‘सरावतो’ या शब्दात एक फसगत दडलेली आहे. सरावण्याच्या बाजूनं सगळ्यात जास्त वेळा सांगितला जातो तो १९७८ चा फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास. लॉटरी लागलेले आणि अपघातात अंग लुळं पडलेले, दोघेही काही काळानं सारखेच सुखी होतात, असं त्याचं सार व्याख्यानांतून ऐकवलं जातं. मूळ आकडे तसं सांगत नाहीत. लुळं पडलेले फक्त २९ जण होते, पाचपैकी त्यांचे गुण २.९६ होते आणि सर्वसाधारण लोकांचे ३.८२. लोकांना वाटतं तेवढे ते दुःखी नव्हते, हे खरं; पण इतरांएवढे सुखीही नव्हते. शिवाय त्यांना एकदाच विचारलं गेलं होतं. त्याच माणसांकडे पाच वर्षांनी, पंधरा वर्षांनी कुणी परत गेलं नव्हतं. एका फोटोवरून आपण सबंध सिनेमाची गोष्ट सांगत बसलो आहोत! परत-परत जाऊन विचारणारा एक अभ्यास आहे. तो १९७३ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात सुरू झाला आणि पुढे कित्येक दशकं चालला. त्यात दिसणारं चित्र सरळ रेषेचं नाही. काम, पैसा या बाबतींत वर्षं जातील तसं समाधान वाढतं. पण वय चढतं तशी तब्येत आणि माणसांतली ऊठबस घसरत जाते. म्हणजे ‘सरावणं’ हा एकदा गाठायचा मुक्काम नव्हे. घाट चढून माणूस वर पोचतो आणि पुढे दुसरा घाट असतो.

आमच्या घरचा दुसरा घाट अकराव्या वर्षी आला. पहिलं वर्ष जड गेलं, पण त्या वर्षी घरात माणसं होती. पथकातली चार पोरं आळीपाळीनं यायची, खुर्चीसकट उचलून त्याला तीन मजले खाली न्यायची. खारेगावातली जुनी इमारत, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की वळणावर खुर्ची तिरकी करावी लागायची आणि मागचा पोरगा दर वेळी भिंतीला कोपर घासून घ्यायचा. तो खाली उतरला त्या प्रत्येक तारखेला मावशी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनानं गोल करायची, फिजिओच्या फेऱ्यांचे पैसे द्यायचा हिशेब म्हणून. ती कॅलेंडरं तिनं टाकली नाहीत. मी मागे ती एकाशेजारी एक मांडून पाहिली. पहिल्या वर्षी ३८ गोल. चौथ्या वर्षी ११. सातव्या वर्षी ३. पोरं वाईट नव्हती. एकाचं लग्न होऊन तो डोंबिवलीला गेला, एक रबाळ्याला रात्रपाळी करायला लागला, एकाची स्वतःचीच कंबर धरली. आणि तो? ‘राहू दे रे, कशाला त्रास’ असं तोच म्हणायला लागला होता. या सगळ्या काळात येणारे-जाणारे सांगत होते, किती छान ॲडजस्ट झालाय, तक्रार नाही कसली. मीही त्यांतलीच एक होते. तक्रार न करणं आणि बरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा कळलं नाही, याची मला आजही बोच आहे.

अकराव्या वर्षी मावशीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. तोवर त्याला कूस बदलवणं, अंथरूण धुणं, एनिमा, सगळं तिच्या अंगावर होतं. ती सहा आठवडे वाकू शकणार नव्हती. त्या सहा आठवड्यांत तो ढासळला. जेवण टाकलं. बोलणं एका शब्दावर आलं. आरसा बघणं सोडलं, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं, कारण आपल्या कातडीची राखण सोडणारा माणूस जगणं सोडायच्या बेतात असतो. एकदा मला म्हणाला, ‘ताई, पहिल्या वर्षी मला वाटायचं मी गेलो तर आई मरेल. आता वाटतं मी आहे म्हणून मरेल.’ पहिल्या वर्षी हॉस्पिटलात त्याला भेटायला समुपदेशक आली होती. अकराव्या वर्षी कुणाच्याही वहीत त्याचं नाव नव्हतं. जगभरातले अभ्यास सांगतात की आत्महत्येचा धोका इजेनंतरच्या पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असतो, आणि त्या काळात जास्त लक्ष द्यायलाच हवं. पण सर्वाधिक धोका पहिल्या वर्षी, म्हणून पुढची वर्षं सुरक्षित, हा निष्कर्ष त्यातून निघतो का? पावसाळ्यात पूर येतो म्हणून उन्हाळ्यात पाण्याची चिंता सोडून देतो का आपण?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो आपल्या माणसांचा आहे: आपल्याकडे कुटुंब असतं. परदेशासारखं माणसाला टाकून देत नाही कुणी. आई करते, बायको करते, बहीण करते. मग कशाला हवेत तज्ज्ञ आणि पाठपुरावे? कुटुंब करतं हे शंभर टक्के खरं आहे. मावशीनं जे केलं ते कुठल्याही संस्थेनं केलं नसतं. पण कुटुंब म्हणजे कोण, हे एकदा नावानिशी सांगा. बहुतेक वेळा ती एक बाई असते, आणि ती म्हातारी होत असते. बावीस वर्षांच्या मुलाची पंचेचाळीस वर्षांची आई त्याला एका हातानं वळवते. तो चाळीस वर्षांचा होतो तेव्हा तिला स्वतःच्याच आधाराला काठी लागते. त्याचं मन तिच्या गुडघ्यांवर उभं असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४व्या कलमात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्या काळजीवाहकासाठी भत्त्याची तरतूद लिहिलेली आहे. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना मिळणारी रक्कम २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार झाली. चांगलं झालं. पण अडीच हजारांत ठाण्यात महिनाभर रोज दोन तास येणारा मदतनीस मिळतो का, हे कुठल्याही ठाणेकराला विचारा. कॅथेटर, हातमोजे, डायपर यांचा खर्चच त्याच्या पुढे जातो. कुटुंब आहे म्हणून व्यवस्था नको, हा युक्तिवाद खरं तर एका बाईचं आयुष्य फुकट गृहीत धरण्याचा युक्तिवाद आहे.

तिसरी गोष्ट जिद्दीची. इथं मला जपून बोलायचं आहे, कारण ज्यांची उदाहरणं दिली जातात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालून लुळे झाले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. देशाचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. माझ्या भावाला त्यांची गोष्ट किमान पन्नास जणांनी सांगितली असेल. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता आणि आशा ही खरी गोष्ट आहे, ती कुणी हिरावून घेऊ नये. पण त्या गोष्टीचा अर्धा भाग कुणी सांगत नाही. पेटकरांच्या मागे लष्कराचं रुग्णालय होतं, पाण्यात उतरायला लावणारे उपचार होते, पुढे पुण्यात टेल्कोची नोकरी होती. त्यांची जिद्द अफाट होतीच, पण तिला पोहायला तलाव मिळाला. खारेगावच्या तिसऱ्या मजल्यावर जिद्दीनं काय करायचं असतं? लष्करानं जखमी जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला १९७४ मध्ये पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उभं केलं; तिथं राहणं, उपचार, काम शिकणं आणि खेळ हे सगळं एकत्र आहे. देशासाठी लढलेल्याला ते मिळायलाच हवं. परांचीवरून पडलेल्या गवंड्याला, घोडबंदर रोडवर बाईकवरून उडालेल्या मुलीला, लोकलच्या दारातून पडलेल्या माणसाला काय मिळतं?

कारण ही गोष्ट गोविंदांची म्हणून सुरू झाली तरी ती मुख्यतः त्यांची नाही. मज्जारज्जूच्या इजा सर्वाधिक होतात त्या उंचावरून पडून आणि रस्त्यावरच्या अपघातांतून. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान दोन लोकल समोरासमोरून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली. पुढचा महिनाभर आपण स्वयंचलित दरवाज्यांवर वाद घातला, आणि तो घालायलाच हवा होता. पण जखमींपैकी कुणाच्या घराला लिफ्ट आहे, असा प्रश्न कुठल्या चर्चेत आला? मला तरी ऐकू आला नाही.

इतिहासात एकदा हाच वाद असाच चुकीचा घातला गेला होता. प्राचीन इजिप्तमधल्या एका वैद्यकीय पपायरसमध्ये मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या माणसाचं वर्णन आहे आणि पुढे निर्णय आहे: या दुखण्यावर उपचार करू नयेत. सुमारे साडेतीन हजार वर्षं तो निर्णय कुणी फिरवला नाही. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक मूत्रसंसर्गानं आणि बेडसोरनं थोड्याच काळात दगावले. अशा रुग्णांना वॉर्डच्या कोपऱ्यात ठेवत, आणि ते उदास, चिडके, भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. ही उदासी त्यांच्या दुखण्याचाच भाग आहे असं डॉक्टर मानत. मग १ फेब्रुवारी १९४४ ला, जर्मनीतून निसटून इंग्लंडात आलेल्या लुडविग गुटमान या ज्यू डॉक्टरनं स्टोक मँडेविल इथं मज्जारज्जूचा विभाग सुरू केला. त्यानं कुठलं चमत्कारी औषध आणलं नाही. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, रात्रीसुद्धा, आणि ते होतंय की नाही हे स्वतः हिंडून बघायचं. लघवीची नळी स्वच्छतेनं हाताळायची. आणि माणसाला बिछान्यातून काढून कामाला लावायचं: सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, मग चेंडू, मग धनुष्यबाण. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्याच्या रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. पेटकर ज्या पॅरालिम्पिकमध्ये पोहले तिचा उगम तिथला. मला या कथेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पदक नव्हे. ज्या उदासीला हजारो वर्षं रुग्णाचा स्वभाव समजलं गेलं, ती वॉर्डची उदासी निघाली. वॉर्ड बदलला आणि माणसं बदलली.

मग ठाण्याचा वॉर्ड कसा आहे? या प्रश्नाचं ओझं या शहरावर जरा जास्त आहे, कारण मराठीत ‘ठाण्याला पाठवा याला’ म्हटलं की त्याचा अर्थ काय, हे सांगावं लागत नाही. १९०१ पासून इथं मनोरुग्णालय आहे. त्या एका थट्टेनं पिढ्यान्पिढ्या माणसांना मनाच्या डॉक्टरपासून लांब ठेवलं. माझ्या मावशीनंच सुरुवातीला हात झटकले होते: ‘त्याचे पाय गेलेत, डोकं नाही गेलं.’ पण याच ठाण्यात १९९० पासून आयपीएच ही संस्था मनाच्या आरोग्याबद्दल मोकळेपणी बोलते आहे, आणि आज नौपाड्यातल्या मध्यमवर्गीय घरात समुपदेशन हा शब्द पूर्वीइतका परका राहिलेला नाही. म्हणजे या शहराला मनाची भाषा येते. ती व्हीलचेअरपर्यंत पोचलेली नाही, कारण मनाचं काम एका दारात चालतं, मणक्याचं दुसऱ्या, आणि दोन्ही दारांना पायऱ्या आहेत. कायद्यानं सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम्य करायच्या होत्या. नियम २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे सक्तीचे नियम तीन महिन्यांत करा म्हणून सरकारला सांगितलं. कोर्टाला हे सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

इथं मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. अपंगांच्या हक्कांसाठी झगडणारे काही मित्र म्हणतात, मनाबिनाचं काढू नका. रॅम्प द्या, लिफ्ट द्या, नोकरी द्या, मन आपोआप बरं होईल. मीही काही काळ तसंच म्हणत होते. बाराव्या वर्षी आम्ही खारेगावचं घर भाड्यानं देऊन कळव्यात तळमजल्यावर भाड्याचं घर घेतलं, उंबरा फोडून सपाट केला, आणि खरोखर महिन्याभरात त्याचा चेहरा बदलला. तो रस्त्यावर जाऊ लागला. पुढे दारातच टेबल टाकून ऑनलाइन फॉर्म भरणं, पॅन-आधारची कामं, रेल्वेची तिकिटं असं काम सुरू केलं. अकरा वर्षांची प्रेरणादायी भाषणं जे करू शकली नाहीत ते एका उंबऱ्यानं केलं, हे मी शपथेवर सांगेन. पण चौदाव्या वर्षी तो पुन्हा खाली गेला. कारण? आग-आग होणं वाढलं होतं, झोप लागत नव्हती, लघवीचे संसर्ग पाठोपाठ होत होते. मज्जारज्जूच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना अशा जुनाट वेदना असतात, आणि वेदना नि नैराश्य एकमेकांना खातपीत वाढतात. त्या वेळी त्याला रॅम्पनं वाचवलं नाही. मनोविकारतज्ज्ञानं वाचवलं, गोळ्यांनी वाचवलं. त्या गोळ्या तो आजही घेतो आणि कुणी विचारलं तर सांगतो.

त्या डॉक्टरांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. नैराश्य तपासायच्या नेहमीच्या प्रश्नावलीत झोप, थकवा, भूक, हालचाल मंदावणं असे प्रश्न असतात. मज्जारज्जूच्या रुग्णात ही लक्षणं नैराश्य नसतानाही असू शकतात, आणि नैराश्य असलं तरी ती ‘शरीराचीच आहेत’ म्हणून सोडून दिली जातात. म्हणून विचारायला हवं ते वेगळं: पूर्वी ज्यात मन लागायचं त्यात लागतं का? दिवसातला बराच वेळ सगळं व्यर्थ वाटतं का? आपण ओझं आहोत असं वाटतं का? आणि एक प्रश्न, जो सतरा वर्षांत एकाही डॉक्टरनं आपणहून काढला नाही: शरीरसंबंधांबद्दल काही विचारायचं आहे का? बावीस वर्षांच्या मुलाच्या मनात हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात असतो. माझ्या भावाला त्याचं उत्तर चौथ्या वर्षी मिळालं, फिजिओच्या रांगेत शेजारी बसलेल्या दुसऱ्या खुर्चीवाल्याकडून.

शेवटचा आक्षेप पैशाचा. जिथं अपघातानंतर मणका न हलवता स्ट्रेचरवर घ्यायलाही शिकलेली माणसं नाहीत, तिथं अकराव्या वर्षाची चैन कुठून परवडायची? प्राधान्य पहिल्या तासाला द्या. हा प्रामाणिक आक्षेप आहे. पहिला तास चुकला तर अर्धवट इजेची पूर्ण इजा होऊ शकते. तिथला खर्च तोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण मी मागते आहे ते महागडं नाही. हॉस्पिटलातून घरी जाताना रुग्णाचं नाव एका वहीत राहावं, आणि वर्षातून एकदा, तो जिवंत असेपर्यंत, त्याला फोन जावा. कातडी, लघवी, मन, आणि करणाऱ्या माणसाची तब्येत, एवढं विचारायचं. गरज असेल तिथं कुणीतरी घरी जायचं, त्यानं यायचं नाही; जिना तोच उतरू शकत नाही ना! फोन करायला खुर्चीवर पंधरा वर्षं काढलेला माणूस पगारावर नेमला तर आणखी उत्तम. स्थानिक संस्थांना दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवावाच लागतो. त्यातला काही भाग या वहीला लावता येणार नाही का? केंद्राची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्री लागते; जो हे वाचतोय आणि ज्याला आत्ता गरज आहे त्यानं तो नंबर जरूर फिरवावा. पण ती सेवा फोन येण्याची वाट बघते. अकराव्या वर्षी माझा भाऊ कुणालाही फोन करण्याच्या स्थितीत नव्हता. त्याला फोन यायला हवा होता. आणि विम्याचे दहा लाख एकरकमी देण्याऐवजी त्यातला काही भाग दरमहा, मदतनिसासाठी म्हणून मिळाला, तर तो पहिल्या वर्षाच्या ऑपरेशनांत आणि जडीबुटीवाल्या बाबांत उडून जाणार नाही. हे मी गोविंदा मंडळांच्या लोकांशी बोलले आहे. त्यांच्यातल्या जाणत्यांना ते पटतं.

गेल्या गुरुपौर्णिमेला, सराव सुरू होतो त्या दिवशी, त्याच्या जुन्या पथकानं त्याला बोलावलं. मला वाटलं, नारळ फोडायला. तो खुर्चीवर मैदानात गेला आणि मांडीवर वही घेऊन बसला. थर लावायच्या आधी एकेका पोराला त्यानं जवळ बोलावलं आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारले: घर कितव्या मजल्यावर, आणि लिफ्ट आहे का? पोरं आधी हसली, मग हळूहळू हसायची थांबली. एकतीस पोरं होती. एकोणीस जणांनी तिसरा किंवा चौथा मजला सांगितला, लिफ्ट नाही. वही त्यानं पथकाच्या अध्यक्षांच्या हातात दिली आणि मला म्हणाला, ‘ताई, चल, पाऊस येतोय.’